सोंगाचा घरगुती कारखाना

मराठीत 'सोंग' या शब्दाला फारसा मान नाही. शाळा चुकवण्यासाठी पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाला आई म्हणते, 'सोंग करू नकोस'. केस वाढवून आलेल्या चिरंजीवांना वडील विचारतात, 'हे काय सोंग?', आणि सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, हे तर महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर आपण सारेच एकमेकांना ऐकवत असतो. पण याच मुलखात सोंगे मोठ्या इभ्रतीने आणली जातात, हेही विसरून चालणार नाही. कोकणातला दशावतारी नट आपला रंग आपणच लावतो नि आपला वेष आपणच चढवतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याला कागदाच्या लगद्याचे नि लाकडाचे मुखवटे घालून रात्र रात्र देवादिकांची सोंगे नाचतात. बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात उभा राहून घरधन्याला घटकाभर घाबरवी, आणि मग त्याच घरधन्याकडून बिदागी घेऊन जाई. तेव्हा हल्ली शहरातल्या मुलामुलींना 'कॉस्प्ले' नावाचे जे वेड लागले आहे, ते ऐकून आपण फार दचकायचे कारण नाही. वेड परके असेल. वेडाची जात आपल्या ओळखीची आहे.

शब्द मात्र मोठा गमतीचा. तो जपानी आहे, म्हणजे मुळात इंग्रजी आहे, म्हणजे धड दोन्ही नाही. 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' या दोन शब्दांची शेपटे छाटून जपान्यांनी 'कोसुपुरे' असा जोडशब्द केला आणि १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांनी 'माय ॲनिमे' नावाच्या मासिकात तो छापला. तोच जगभर हिंडून आपल्याकडे 'कॉस्प्ले' होऊन आला. अर्थ एवढाच, की चित्रकथेतले, चित्रपटातले किंवा संगणकावरच्या खेळातले एखादे आवडते पात्र घ्यायचे, हुबेहूब त्याचा वेष करायचा आणि चार समानधर्मीयांच्या मेळाव्यात मिरवायचे.

शब्द १९८३ चा, पण गोष्ट त्याहून जुनी. १९३९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले होते. त्या संमेलनाला फॉरेस्ट ॲकरमन हा तरुण वाचक भविष्यकाळातल्या माणसाचा झगा चढवून हजर झाला. बरोबर मर्टल डग्लस ही त्याची मैत्रीण. तिचाही वेष त्याच थाटाचा. दोन्ही पोशाख बेतले तिने आणि शिवलेही तिने. नाव मात्र पुढे कितीतरी वर्षे ॲकरमनचेच आधी घेतले जाई. मिरवणारा लक्षात राहतो, शिवणारी राहत नाही, हा न्याय सातासमुद्रापलीकडेही तोच दिसतो. (आपल्या साहित्य संमेलनाला एखादा रसिक आवडत्या कादंबरीच्या नायकाचा वेष करून आला, तर स्वागत समिती त्याला कोणत्या रांगेत बसवील कोण जाणे!) भारतात या मंडळींचा 'कॉमिक कॉन' हा मेळावा २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीला पहिल्यांदा भरला. पुढे मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांतूनही तो भरू लागला.

'म्हणजे आपले फॅन्सी ड्रेसच की!' असे कुणी म्हणेल. नाही. फॅन्सी ड्रेसमध्ये आई ड्रेसवाल्याकडून जिरेटोप भाड्याने आणते, काजळाने मिशा काढते, आणि चार वर्षांचा छत्रपती रंगमंचावर येऊन रडतो. तिथे वेष कुणी केला हा प्रश्नच उद्‌भवत नाही. कॉस्प्लेमध्ये तोच पहिला प्रश्न. तयार पोशाख विकत मिळतात, आणि ते घालून जाण्यात कुणी कमीपणाही मानत नाही. पण कारागिरीची स्पर्धा असली, की परीक्षक झग्याची कड उलटून अस्तर पाहतात, टिपा पाहतात, ढाल बोटाने ठोकून ती कशाची केली ते विचारतात. जाणते स्पर्धक करतानाची छायाचित्रे वहीत चिकटवून बरोबर नेतात. हे सारे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मुले एकमेकांचे पाहून, चुकून, उसवून, पुन्हा शिवून शिकतात. निम्मे ज्ञान तर घरातच कुठेतरी धूळ खात पडलेले असते.

आमच्या घरी ते माझ्या आईच्या शिवणयंत्रात पडलेले होते.

माझा भाचा तेव्हा अकरावीत होता. त्याच्या घरी यंत्र नाही, म्हणून स्वारी एका रविवारी आमच्याकडे आली. माझी आई पंच्याहत्तरीची. वडील अंथरुणाला खिळले तेव्हापासून अकरा वर्षे तिने या यंत्रावर लोकांचे ब्लाऊज नि परकर शिवून घर चालवले; मी महाविद्यालयात नोकरीला लागलो त्या महिन्यात तिने यंत्रावर झाकण घातले, ते सहसा काढले नाही. तिच्या लेखी शिवण म्हणजे छंद नव्हे. भाचा म्हणाला, "आजी, मला शिवायला शिकव."

"बटण तुटलंय का? दे इकडे."

"नाही गं. हाओरी शिवायचीय."

हाओरी म्हणजे किमोनोवर घालायचा जपानी अंगरखा. याला तो हवा होता हिरव्या-काळ्या चौकटींचा, म्हणजे 'डीमन स्लेयर' या जपानी चित्रकथेच्या नायकाचा, तंजिरो कामादोचा. ही कथा कोयोहारु गोतोगे यांनी २०१६ ते २०२० या काळात 'शोनेन जम्प' नावाच्या साप्ताहिकात क्रमशः लिहिली आणि चितारली. २०१९ पासून तिचे चित्रपट-मालिका रूप आले आणि ती जगभर गेली. भाच्याने आजीला ती सांगितली. राक्षसाने तंजिरोचे घर मारून टाकले. एक बहीण वाचली, पण तीही राक्षसीण झाली. उन्हाने राक्षस भस्म होतात, म्हणून हा तिला लाकडी पेटीत बसवून पाठीवर घेऊन हिंडतो, पुन्हा माणसात आणण्यासाठी.

आई बराच वेळ चित्र पाहत राहिली. "बहिणीला पाठीवर घेऊन फिरतो? मग भाऊबीजेतलाच आहे म्हण की," ती म्हणाली, आणि यंत्राचे झाकण काढले.

पहिल्या शिकाऊ माणसाने हाओरीच का घ्यावी, याला कारण आहे. आपल्या ब्लाऊजला बाही, मुंढा, टक्स, गळा अशा साऱ्या वळणांचा हिशेब लागतो. जपानी कपड्यात वळण जवळजवळ नाहीच. किमोनोचे कापड मुळात ३६ ते ३८ सेंटीमीटर रुंदीचे नि सुमारे १२ मीटर लांबीचे विणतात; ते सरळ कापायचे, सरळ जोडायचे. पाठ, दोन पुढचे पदर, दोन चौकोनी बाह्या आणि गळ्यापासून खालपर्यंत उतरणारी एक लांब पट्टी. संपला अंगरखा. आई म्हणाली, "हे तर झबल्यापेक्षा सोपं."

अवघड होत्या त्या चौकटी. बाजारात हव्या तेवढ्या मोठ्या चौकटींचे कापड मिळेना. हिरव्या कापडावर काळा रंग भरावा, तर कडा फुटतात आणि कापड पापडासारखे ताठ होते. उरला चौकोन कापून जोडण्याचा मार्ग. भाच्याने हिशेब मांडला : १० सेंटीमीटरचा एक चौकोन धरला, तर अंगरख्याला सुमारे दोनशे चौकोन. त्याने पुठ्ठ्याचा साचा कापला आणि एकेक चौकोन खडूने आखू लागला. पंचवीस झाल्यावर आईने कात्री काढून घेतली. "असे एकेक जोडत बसलास तर तुझं लग्न व्हायचं तरी संपायचं नाही," असे म्हणून तिने गोधडीची रीत सांगितली. ज्यांना हा उद्योग करावयाचा आहे त्यांच्यासाठी ती मी सविस्तर देतो, कारण तिच्यात कष्टाची निम्म्याहून अधिक बचत आहे.

हिरवे आणि काळे सुती कापड, ४४ इंच पन्ह्याचे, प्रत्येकी दीड मीटर आणावे. आधी भिजवून, रंग जाईनासा होईपर्यंत धुऊन वाळवावे. हे न केल्यास पहिल्याच धुण्यात हिरव्याचे शेवाळ होते. मग पन्ह्याच्या पूर्ण लांबीच्या, १२ सेंटीमीटर रुंद अशा पट्ट्या फाडाव्यात: १० चा चौकोन आणि दोन्ही बाजूंना शिवणीचा एकेक सेंटीमीटर. हिरवी, काळी, हिरवी, काळी अशा आठ पट्ट्या लांबीत जोडल्या, की एक पट्ट्यापट्ट्यांचे कापड तयार होते. शिवणी इस्त्रीने काळ्या बाजूकडे दाबाव्यात म्हणजे हिरव्यातून दिसत नाहीत. आता हे कापड आडवे, पुन्हा १२-१२ सेंटीमीटरवर कापायचे. प्रत्येक तुकड्यात आठ चौकोन आयतेच जोडलेले येतात. एक तुकडा सरळ, दुसरा उलट्या टोकाने फिरवून, असे जोडत गेले, की हिरव्याखाली काळा, काळ्याखाली हिरवा आपोआप बसतो. मात्र पट्ट्यांची संख्या सम हवी. सात किंवा नऊ घेतल्या तर तुकडा फिरवूनही पहिला रंग तोच राहतो आणि फजिती होते. एका आठ पट्ट्यांच्या कापडातून नऊ तुकडे, म्हणजे ७२ चौकोन निघतात. अशी तीन कापडे केली, की २१६. हिशेब बसला, चिंध्यासुद्धा मूठभरच उरल्या.

ही चौकट जपानात 'इचिमात्सु' या नावाने ओळखली जाते, आणि नावामागची कथा आपल्या रंगभूमीवाल्यांना रुचण्यासारखी आहे. अठराव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सानोगावा इचिमात्सु नावाचा काबुकी नट होता. त्याने रंगमंचावर या चौकटीची घोळदार विजार नेसली, लोकांनी ती उचलली आणि चौकटीला नटाचेच नाव चिकटले. बालगंधर्वांची नेसण पाहून आपल्याकडच्या घरंदाज स्त्रिया तशी लुगडी नेसू लागल्या, त्यातलाच हा प्रकार. २०२० साठी नेमलेल्या तोक्यो ऑलिंपिकच्या बोधचिन्हातही हीच चौकट होती. गंमत अशी, की तंजिरोच्या प्रकाशकांनी २०२० साली ही हिरवी-काळी चौकट आपल्या मालकीची व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी जपानच्या पेटंट कार्यालयाने तो नाकारला. अडीचशे वर्षे सगळ्यांची असलेली गोष्ट एकट्याची कशी व्हावी? आजीने शिवलेल्या चौकटीही त्यामुळे निर्धास्त झाल्या म्हणायच्या.

हाओरीला चार रविवार लागले. पहिल्या रविवारी भाच्याने नुसती कागदावर टीप घातली. यंत्रात दोरा न ओवता, वहीच्या रेघांवरून. दुसऱ्या रविवारी मांजरपाटाचा कच्चा अंगरखा झाला, तो खांद्यावर चढला नाही, उसवला. आईची शिस्त कडक. टीप वाकडी गेली तर ती काही बोलत नसे, नुसते उसवण्याचे हत्यार त्याच्यापुढे सरकवी.

मग आला पेटीचा प्रश्न, आणि त्याबरोबर घरात एक नवा पदार्थ आला : फोम. पुरे नाव इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, पण 'ईव्हीए फोम' या नावाने तो मिळतो. व्यायामशाळेत जमिनीवर एकमेकांत अडकवलेल्या चटया पाहिल्या असतील, किंवा पायातली हलकी चप्पल, त्यातला बराचसा माल हाच. २ मिलिमीटरपासून १० मिलिमीटरपर्यंत जाडीचे तक्ते मिळतात. पुण्यात बोहरी आळीच्या आसपास किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत शोधणाऱ्याला ते सापडतात. जगभरच्या कॉस्प्लेवाल्यांची चिलखते, शिरस्त्राणे, ढाली निम्म्याहून अधिक याच पदार्थाच्या असतात. ज्यांनी वर्षानुवर्षे गणपतीची मखरे थर्माकोलची केली, त्यांचा हात साहजिकच थर्माकोलकडे जाईल. पण मखरांच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली हे एक, आणि दुसरे म्हणजे थर्माकोल वाकत नाही, चुरा होतो, नि फवाऱ्याचा रंग किंवा रबरी सोल्युशन लागले की विरघळून त्यात खड्डे पडतात. फोमचे तसे नाही. तो गरम केला की नरम होतो, वाकवावा तसा वाकतो, आणि थंड होईतो धरून ठेवला तर त्या वळणातच राहतो. कडक लाकडाची पेटी पाठीवर बांधून दिवसभर हिंडणे म्हणजे शिक्षाच. फोमची पेटी दप्तराएवढीही जड नसते.

गरम करायला 'हीट गन' नावाचे यंत्र लागते. दिसायला केस वाळवण्याच्या यंत्रासारखे, पण त्याची हवा कितीतरी पट तापट. केसांवर धरायचे नाही. तक्त्यावरून ती गरम हवा फिरवली की वरची बारीक छिद्रे मिटतात आणि खरखरीत फोमवर किंचित तकाकी येते. ती आली की समजावे, आता रंग आत मुरणार नाही. आणखी एक करामत आहे, ती पाहून मला स्वतःला मोठी मौज वाटली. कटरने फोमवर अगदी उथळ चीर द्यावी, ती डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. मग गरम हवा मारावी. चीर आपोआप उघडते आणि रेघ खोल होते. अशा लांबच लांब नागमोडी रेघा ओढल्या, मध्ये एखादी गाठ काढली, की करड्या फोमचे बघता बघता लाकूड होते. मग लाकडाला लावायचा पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून त्याचे चार-पाच हात, त्यावर तपकिरी ॲक्रिलिक रंग, तो वाळल्यावर काळ्या रंगाचे पाणी फासून लगेच फडक्याने पुसायचे. काळे रेघांत राहते, वरचे निघून जाते. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकट रंगाचा नुसता स्पर्श. वर्षानुवर्षे हाताळलेल्या पेटीच्या कडा जशा झिजून उजळतात, तशा त्या दिसतात.

पेटीच्या भिंती जोडायचे काम चालू असताना माझे मेहुणे आले. मेहुणे चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहेत. मुलाची सहामाही परीक्षा तोंडावर आणि मुलगा मामाकडे शिंपीकाम नि सुतारकाम करतो आहे, ही बातमी त्यांना पोचली होती. ते आले ते बोलायच्या तयारीनेच.

"अकरावी-बारावी म्हणजे काय समजतोस तू? हे शिवण-टिपण करून पोट भरणार आहे का तुझं?"

खोलीत एकदम शांत झाले. आई दाराशी बसून पेटीच्या पट्ट्यांना काठ घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भरतं जावईबापू. अकरा वर्षं पाच माणसांचं भरलं. पण मला ते करताना कधी आवडलं नाही. ह्याला आवडतंय, एवढाच फरक."

मेहुण्यांना हे लागले. ते काही बोलले नाहीत, मुलाच्या समोरच्या फोमकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने खाली बसून त्यांनी पेटीचा कोपरा उचलला. दोन भिंती काटकोनात मिळवायच्या तर दोन्हींच्या कडा ४५ अंशांत तिरक्या कापाव्या लागतात. भाच्याने अंदाजाने कापल्या होत्या, म्हणून कोपऱ्यात करंगळी जाईल अशी फट होती. "हा पंचेचाळीस नाही, हा पन्नासच्या वर आहे," मेहुणे म्हणाले. "आणि हात अधांतरी ठेवून कोन धरतात का कोणी?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कारखान्यातून येताना लाकडाचा एक ठोकळा आणला, ४५ अंशांचा उतार असलेला. कटरचे पाते त्याला टेकवून ओढले, की कोन चुकायची सोयच नाही. तो ठोकळा आमच्याकडे अजून आहे. समेट झाला असे मात्र समजू नये. करार झाला : रविवार दुपार सोडून इतर वेळी फोमला हात लावायचा नाही, आणि बारावीच्या वर्षी सारे सामान पेटाऱ्यात, पेटाऱ्याची किल्ली आजीकडे. करार पाळला गेला. बारावीच्या फेब्रुवारीत भाच्याने किल्लीसाठी एकदा आजीचा पिच्छा पुरवला होता, पण ती अकरा वर्षे गिऱ्हाइकांच्या तगाद्यांना पुरून उरलेली बाई. ती बधली नाही.

चिकटवण्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण इथे केवळ पेटी बिघडण्याचा प्रश्न नाही. फोम जोडायला चपलांचे कारागीर वापरतात ते पिवळट रबरी सोल्युशन उत्तम. दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटे वाळू द्यायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मग कडा जुळवायच्या. उलटे वाटते, पण रीत तीच. एकदा टेकले की सुटत नाही, म्हणून एका टोकापासून सावकाश जुळवत जावे. ग्लू गनने काम झटपट होते खरे, पण उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो गोंद मऊ पडतो आणि पोशाखाचे सांधे सुटतात. आता धोका. या सोल्युशनची वाफ डोक्यात जाते आणि ती पेटही घेते. दारे-खिडक्या बंद करून, गॅसच्या शेगडीशेजारी किंवा देवघरातल्या निरांजनाजवळ हे काम कदापि करू नये. दिवाळीच्या सुट्टीत मुले कामाला बसतात आणि त्याच गॅलरीत पणत्या लागतात. आयांनी एवढे पाहावे. नाकाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा मिळतो, तो घ्यावा. फोम घासताना धूळ उडते, तिच्यासाठीही नाकावर मास्क हवाच. कटरचे पाते बोथट झाले की लगेच बदलावे. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेला हात सटकतो तो बोटावरच. लहान भावंडांच्या हाती कात्री, कागद नि खळ एवढेच द्यावे. त्यांना कामही कमी नसते.

कारण पुठ्ठा आणि खळ यांवरही या कलेत पुष्कळ होते. तंजिरोनंतर भाच्याच्या मित्राने आयर्न मॅनचे शिरस्त्राण करायला घेतले. हा लोखंडी वीर १९६३ साली अमेरिकन चित्रकथेत जन्मला आणि २००८ च्या चित्रपटानंतर घराघरात गेला. शिरस्त्राणासाठी जपान्यांनी 'पेपाकुरा' नावाची एक संगणकीय युक्ती काढली आहे. आपण आकाशकंदील करतो तेव्हा कागद कापून, घड्या घालून, कडांना खळ लावून घनाकृती उभी करतो. पेपाकुरा त्याच्या उलट जाते. घनाकृती आधी, मग संगणक ती उलगडून सपाट तुकडे छापून देतो, प्रत्येक कडेला क्रमांक. क्रमांकाला क्रमांक चिकटवत गेले की डोके उभे राहते. या मुलाने जाड कागदावर तुकडे छापले, तीन रात्री जागून चिकटवले, आणि घालायला गेला तर ते नाकापर्यंत येऊन अडकले. डोक्याचे माप टेपने घेऊन त्यात चोहोबाजूंनी बोटभर जागा सोडायची असते, शिवाय आत शिरण्यासाठी मान मोठी किंवा मागचा भाग उघडता ठेवायचा असतो. ते शिरस्त्राण आता त्याच्या धाकट्या बहिणीला बरोबर होते. दुसरे त्याने तेच तुकडे वाढवून, फोमवर आखून केले.

अंगालगतच्या चिलखताचे माप मात्र छापून मिळत नाही, आणि तिथे एक साधी घरगुती रीत फार उपयोगी पडते. हाताचे किंवा छातीचे माप हवे असेल, तर जुन्या सदऱ्यावरून स्वयंपाकघरातले पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे, त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर द्यावेत, पेनने चिलखताच्या रेघा आखाव्यात आणि दुसऱ्या कुणाकडून बोथट कात्रीने ते कवच कापून काढावे. रेघांवर कापून सपाट केले की आपल्याच अंगाचा बेतकागद हाती येतो. उकडते फार, पंखा चालू ठेवावा.

केसांच्या टोपाबद्दल थोडेच. तंजिरोचे केस गडद तांबूस, म्हणजे विकतचा टोप आला. नेहमीचा नकली केस इस्त्रीने वितळतो, उष्णता सोसणारा वेगळा मिळतो; दुकानात हे आधी विचारून घ्यावे. विंचरायचे ते टोकाकडून मुळाकडे चढत. तलवारीची मूठ नाडीने विणली आणि पाते लाकडी पट्टीवर फोम चढवून केले, कारण मेळाव्याच्या दारात शस्त्रे तपासतात आणि धातूचे पाते आत सोडत नाहीत.

खर्च किती, हा प्रश्न घरोघर विचारला जाणारच. आमच्याकडची वही सांगते, की हाओरीला कापड, दोरा, सुया मिळून आठशे रुपयांच्या आत भागले. पेटी त्याहून महाग पडली, आणि हीट गन नि मुखवटा ही हत्यारे धरली तर चार आकड्यांत गेली. पण हत्यारे पुढच्या सोंगालाही चालतात. यंत्र घरात नसेल तर शेजारी विचारावे. पुष्कळ घरांतून ते कापडाच्या झालरीखाली टेलिफोन ठेवायचे टेबल होऊन बसलेले असते, आणि त्याच्या मालकिणीला कुणी विचारण्याचीच वाट असते.

मेळाव्याच्या दिवशीची काही पथ्ये आहेत. पोशाख घरून घालून निघू नये. लोकलच्या गर्दीत चिलखताचे काय होते ते एकदा पाहावे म्हणजे कळते. भाग वेगळे ठेवून तिथे चढवावेत. वेष चढवण्याआधी पाणी, खाणे आणि इतर सोयी उरकून घ्याव्यात, कारण कमरपट्टे, बंद नि हूक एकदा लागले की सहज सुटत नाहीत. मुलींच्या आईवडिलांना एक काळजी असते आणि ती रास्त आहे. वेष केलेल्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नये, फोटो काढू नये, हा नियम आता या मेळाव्यांत रूढ आहे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' अशा अर्थाचे मोठे फलकच लावले होते. तरीही नवख्यांनी चौघांच्या टोळीने हिंडावे.

आणि पिशवी विसरू नये. तिच्यात सुईदोरा, दहा-बारा सेफ्टी पिना, सोल्युशनची ट्यूब, चिकटपट्टी, कात्री, पाण्याची बाटली आणि साधी चप्पल हवी. ही पिशवी घेऊन मागे मागे चालणारा, मोकळ्या हातांचा नि साध्या कपड्यांतला एक माणूस प्रत्येक सोंगाला लागतोच. तंजिरोच्या पेटीचा पट्टा दुपारी दोन वाजता तुटला तेव्हा दाभण नि दोरा माझ्याच खिशात होता. तो ओवून दिला मेहुण्यांनी, कारण चष्मा मी घरी ठेवून आलो होतो, आणि शिवला भाच्याने, वेष न उतरवता, पायऱ्यांवर बसून, दुहेरी टाक्याने.